हळव्या भाताचा मुडा

नव्वदच्या दशकात मी पालघरला शेतीखात्यात बियाणं खपवायच्या कामावर होतो. संकरित भाताच्या चकचकीत पिशव्या; पहिल्या वर्षी फुकट, दुसऱ्या वर्षापासून विकत. कारण त्या पिकातलं बी ठेवून पुन्हा पेरलं तर पीक धड येत नाही. ही दुसरी गोष्ट पाड्यांवर बोलायची नाही, असं वरिष्ठांनी तोंडी बजावलं होतं. लेखी काही नव्हतं.

मनोरच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावरचा एक पाडा माझ्या पिशव्यांना हात लावेना. कारण एका बाईच्या घरात होतं. पन्नाशीची, नवरा वारलेली. तिच्या आढ्याला पेंढ्यात आवळून बांधलेला बियाण्याचा मुडा टांगलेला असे. आत हळवं भात. हे भात उतारावर नुसत्या पावसावर यायचं आणि भादवा संपता संपता कापणीला तयार व्हायचं. घरातलं धान्य संपलेलं असताना पाडा त्यावरच तगायचा. आदल्या वर्षी ऐन फुलोऱ्यात पाऊस कोसळला आणि सगळ्यांचं बी नासलं, फक्त हिचं वाचलं. पेरणीआधी सगळे हिच्याच दारात येणार होते. बी मागायला आलेल्याला रित्या हातानं पाठवायचं नाही, ही त्यांची रीत.

म्हणून मीही मागितलं.

"सगळं दे. सरकारी शेतावर पेरतो. दिवाळीनंतर दुप्पट घेऊन जा. यंदा पाड्याला या पिशव्या पुरतील."

ती मुड्याकडे बघत राहिली. "अर्धा नेला तं नाय चालं का, सायेब?"

"अर्ध्यात शेत कसं पेरू?" मी खेकसलो.

"बी मांगता तुमी, तं नाय कसा म्हनू," असं म्हणून तिनं स्वतः मुडा उतरवला. जमिनीवर ठेवून त्याला हात लावला, तो कपाळाला टेकवला. मला हसू आलं होतं.

पुढच्याच आठवड्यात मोठे साहेब पाहणीला यायचे होते. त्यांना नव्या वाणाचा भात जेवू घालायचा होता आणि तो आम्ही शिजवून पाहिला तर खळ झाली. मी मुडा मनोरच्या गिरणीत नेऊन भरडून आणला. पालघरच्या बाजारात चांगला तांदूळ मिळत नव्हता असं नाही. पण मुडा राहिला असता तर माझ्या पिशव्याही तशाच राहिल्या असत्या.

सातपाटीहून पापलेटं आणवली. जेवण मनोरच्या शाळेत ठेवलं होतं; भाताचा वास पडवीभर पसरला. "हाच का आपला नवा वाण?" साहेबांनी विचारलं. "हाच, सर." त्यांनी वहीत शेरा मारला: चव उत्तम, सर्वत्र वाटप करावे.

पाड्यानं मुकाट पिशव्या घेतल्या. भादवा सरला, उतारावरचं पाणी आटलं आणि माझं भात हिरवंच उभं. दाणा भरेचना. माणसं कडूकंद उकडून खाऊ लागली, मग दिवाळीची वाट न बघता पोरंबाळं घेऊन बोईसरला बांधकामांवर निघून गेली. 'लोक गाव सोडून गेल्याने पिकाची निगा राहिली नाही,' असं मी अहवालात लिहिलं. अहवाल लिहिण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

दिवाळीनंतर ती पालघरला आली. मी टेबलाशी चहा पीत होतो.

"बी न्यायला आली मी, सायेब."

थापा तयार होत्या: रोग पडला, शेत पाण्याखाली गेलं. पण दुप्पट बी न्यायला आणलेलं तिच्या हातातलं गोणपाट स्वच्छ धुतलेलं होतं, आणि ते पाहून मला तिचाच संताप आला. एवढा विश्वास टाकायला सांगितलं होतं कोणी?

"खाल्लं," मी म्हणालो. "साहेबांच्या जेवणाला शिजवलं."

"समदा?"

"सगळं."

ती रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर शिपायाकरवी बाहेर काढायला मी मोकळा झालो असतो. तिनं गोणपाटाची घडी घातली, काखेत धरली आणि दारापर्यंत गेली. तिथून वळून तिनं विचारलं, "गोड लागला का?"

गोड लागला होता. मी दोनदा वाढून घेतला होता.