पाठीवरचा अर्धा सूर्य

तुमच्याकडे पाठ करून चरायला निघून गेलेलं चित्र तुम्ही कधी पाहिलंय का? नाही ना? मग चित्राची जागा भिंतीवर, खिळ्याला, हेही तुम्हाला पटलेलंच असणार.

मला पटत नव्हतं. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. मुळाक्षरं मी निषेधाच्या मथळ्यांवरूनच गिरवली. त्यामुळे सांगलीतल्या एका प्रदर्शनात माझ्या चित्रकार मैत्रिणीचं चित्र 'हे नक्की काय आहे ते कळत नाही' म्हणून परत पाठवलं, तेव्हा मी दुपारच्या आत पत्रक काढलं: 'भिंतींनो, चित्रांना मोकळं सोडा!' मैत्रिणीने बऱ्याचशा प्रती ब्रश पुसायला वापरल्या. मथळा मात्र तिने मनावर घेतला.

ती जतकडच्या मेंढपाळाची मुलगी. सुट्टीत ती गावी गेली, उरलेली पत्रकं घेऊन मीही सोबत गेले, आणि ती वडिलांची पांढरी माडग्याळ जातीची मेंढरं रंगवत सुटली. नीळ, हळद, गेरू. मेंढराला बाधेल असं काही नाही. प्रत्येक मेंढीवर एकेक तुकडा. कळप हलला की चित्र बदलणार! मला हे क्रांतिकारक वाटलं. आबांना, म्हणजे तिच्या वडिलांना, नाही. त्यांच्या कळपाची पिढीजात खूण मानेवरचा निळा ठिपका. तो या रंगकामात बुडाला होता.

"एक जरी मेंढरू चुकलं," आबा म्हणाले, "तर तुजं बुरूश चुलीत. आन् हिची कागदं बी."

हिची म्हणजे माझी.

आठवड्याच्या आत तळ्यावर दोन कळप एकमेकांत मिसळले. दुसऱ्या मेंढपाळाची खूण पाठीवर गेरूचा फटकारा. त्याने आपली मेंढरं वेगळी काढली आणि आमचीही एक ओढून नेऊ लागला. तिच्या पाठीवर उजव्या अंगाला तांबडा अर्धा सूर्य होता.

"आवं पावनं, ती आमची हाय," आबा म्हणाले.

"गेरूची खूण कुनाची? आमची. मग मेंढी कुनाची?"

आबांनी लेकीकडे असं पाहिलं की मला चुलीचा धूर दिसला. मी भाषणासाठी श्वास घेतला.

"तू गप," मैत्रीण म्हणाली. "ती दुसरी मेंढी धर."

उरलेला अर्धा सूर्य त्या दुसरीच्या डाव्या अंगाला होता. दोघींना शेजारी उभं करायचं, एवढंच काम. पण एक थांबली की दुसरी फिरायची. मी मेंढीला मिठी मारून चिखलात बसले. शेवटी पाहुण्यानेच वैतागून हातातली मेंढी गच्च दाबून धरली, आणि गोल जुळला.

तो वाकून बघत राहिला. "आयला! भाकरी हाय की!"

"भाकरी?" आबा कडाडले. "डोळं फुटलं का रं? सूर्य हाय त्यो! उगवतीचा!" मग त्याला हाताला धरून त्यांनी कळपभर फिरवलं आणि चित्र समजावून सांगितलं. निम्मं चुकीचं सांगितलं. मैत्रिणीने एकही चूक दुरुस्त केली नाही.

ब्रश वाचले. पत्रकं मात्र चुलीत गेली. पाहुण्याचा चहा त्यांच्यावरच उकळला.

तेव्हा एक करा. रस्त्यात मेंढरं आडवी आली की हॉर्न वाजवू नका. गाडी बंद करून खाली उतरा. एखादीच्या पाठीवर अर्धा सूर्य दिसला, तर दुसरी शेजारी येईपर्यंत थांबा. वेळ लागेल, पण थांबाच. आणि मोठ्याने भाकरी म्हणू नका. आबा मागूनच येत असतात.