भालचंद्रनानांची न मरणारी केळ

आमच्या राजोडीत वाडीवाला माणूस रागावला की आधी कोयता उचलतो, कारण मागाहून शोधतो. भालचंद्रनाना त्यातलेच. मूलबाळ नाही, घरात मथुराकाकू आणि मागे पाऊण एकर वाडी. वाडीत आजोबांनी लावलेली राजेळी केळ. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली, केळ मात्र तीच. केळ्यांचा लोंगर उतरला की खोड कापायचं, बुडाशी फुटलेला मुनवा वाढवायचा. पुन्हा लोंगर, पुन्हा कोयता. बी नाही, पेरणी नाही.

एक्क्याऐंशी साली सलूनमध्ये सिप्रियन मास्तर पेपर वाचून दाखवत होते. "परदेशात बेडकाच्या पेशीतून हुबेहूब दुसरा बेडूक काढलाय म्हणे. पेशीत जनुकं असतात, सगळा माणूस त्यात लिहिलेला. ती दुरुस्त करता आली तर उद्या म्हातारपण नाही, मरण नाही."

नानांच्या अर्ध्या गालावर साबण होता. "त्यात काय मोठं, मास्तर? आमचे आजोबा चौथी नापास. त्यांनी केव्हाच केलंय ते. माझी केळ मरतच नाही."

"केळीचं ठीक. तुमचं काय?"

"गावानं माझ्या वंशाचा दिवा कधीच विझवलाय. पण ती केळ वाडीत उभी आहे ना, तोवर आमचं घर संपलं नाही."

"नाना, गाल हलवू नका," न्हावी म्हणाला, "नाहीतर आत्ताच संपेल."

त्याच हिवाळ्यात विहिरीजवळच्या केळीच्या एका बेटाला रोग आला. पानं उलगडेनात. शेंड्याला झाडूसारखी ताठ जुडी उभी राहिली, लोंगर धरेना. कृषी खात्याचा माणूस आला, बघून म्हणाला, "औषध नाही. रॉकेल ओता आणि कंदासकट उपटा. नाहीतर माव्याची कीड हा रोग शेजारीपाजारी नेईल."

नानांनी मान डोलावली. तो फाटकाबाहेर गेल्यावर मात्र, आई आजारी म्हणून पोरांना मामाकडे पोचवावं, तसे त्यांनी त्याच बेटाचे अकरा मुनवे काढले आणि वंश राहावा म्हणून वाडीत अकरा ठिकाणी लावले.

दोन महिन्यांत अकरा ठिकाणी अकरा झाडू.

कुंपणापलीकडची वाडी गुरुदत्तची. नानांचा चुलतभाऊ. आजोबा तेच, केळही तीच. तो रोज कुंपणावरून 'उपट ती' म्हणून ओरडायचा, नाना रोज त्याचा बाप काढायचे. बाप म्हणजे नानांचा सख्खा काका, हे दोघंही विसरत. एका दुपारी गुरुदत्त कुंपण मोडून कोयता घेऊन आत शिरला. पहिलं रोगट बेट आडवं केलं, दुसरंही केलं. नाना धावले आणि तिसऱ्याला डाव्या हाताने मिठी मारून उभे राहिले.

"दादा, बाजूला हो."

"आधी मला काप."

"तुला परत मुनवे फुटायचे नाहीत, म्हणून सांगतोय. हो बाजूला!"

हे बोलताना कोयता निघालेलाच होता. खोडावरची दोन बोटं चिकासकट चिखलात पडली. नानांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. उजव्या हाताने कुदळीचा दांडा उचलला आणि गुरुदत्तच्या मनगटाच्या वर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मथुराकाकूंना विहिरीवर ऐकू गेला. दुसरा तडाखा खांद्यावर बसला. तिसरा डोक्यावरच जायचा, पण काकू धावत आल्या आणि नवऱ्याच्या मनगटाला कडकडून चावल्या. दांडा सुटला.

दवाखान्यात दोघं एकाच बाकावर बसले. डॉक्टरांनी विचारल्यावर दोघंही म्हणाले, "केळ कापताना लागलं." खोटं कोणीच बोललं नाही.

आठवड्याने नाना बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या काठी गेले. तिथे त्यांनी एकही रोगट मुनवा लावला नव्हता. तिथेही जुडी उभी होती. विचारपूस करायला आलेल्या मास्तरांना त्यांनी विचारलं, "मास्तर, ही सगळी एकच ना?"

"एकच, नाना. वेगवेगळी असती तर एखादी तगली असती."

 दुसऱ्या दिवशी सकाळी नाना कोयता घेऊन वाडीत उतरले. तीन दिवस कापत होते. पोटात लोंगर धरलेल्या केळीही सोडल्या नाहीत. खोड पाडायचं, कंद उकरायचा आणि फुटलेल्या कंदावर पुन्हा घाव घालत राहायचं. प्रत्येक बेटाला आईवरून शिवी. काकू मागून रॉकेल ओतत होत्या. पट्टी भिजून रक्त कोपरापर्यंत आलं तेव्हा काकूंनी ती पिळली आणि पुन्हा बांधली. एकशेचाळीस बेटं गेली.

चौथ्या दिवशी नाना मोडक्या कुंपणातून गुरुदत्तच्या वाडीत आले. हातात कोयता बघून त्याची बायको प्रेमलता मुसळ घेऊन आडवी आली. गुरुदत्त ओट्यावर बसला होता, हात प्लास्टरमध्ये. समोर त्याच्याही नऊ बेटांवर झाडू उभे होते.

"हात तू मोडलास, दादा," तो म्हणाला. "आता कापणार कोण?"

"म्हणून तर आलो."

"बाकीची बरी आहेत हो भावजी," प्रेमलता म्हणाली. "ती तरी ठेवा."

"माझीही बरीच दिसत होती, पोरी."

तिने गुरुदत्तकडे पाहिलं. तो मान वर करेना. तिने मुसळ भिंतीला टेकवलं.

"कुठून सुरू करू?" नानांनी विचारलं.

गुरुदत्तने डाव्या हाताने ओट्यालगतचं बेट दाखवलं. चांगलं हिरवंगार, लोंगर वाकलेला. नानांनी तीन बोटांच्या हाताने पान बाजूला सारलं आणि घाव घातला. खोड अर्धंच तुटलं.

"अजून एक," गुरुदत्त म्हणाला.