लाभ, दोन, तीन

ज्ञानबामामा एसटीत नेहमी दोन तिकिटं काढायचे. दोन्ही स्वतःचीच. एखादा नवा कंडक्टर विचारायचा, "दुसरं कुणाचं?" मामा पोटावर थाप मारून म्हणायचे, "ह्या बारदान्याचं. माल थोडाच हाय साहेब, बारदानाच भारी." बारदाना म्हणजे रिकामं पोतं, मालाच्या वजनातून ते वजा करायचं असतं. मंठ्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मामा मापाडी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर घ्यायचा आणि वजन पुकारायचं, हे त्यांचं जन्मभराचं काम. मी तिथल्याच शाळेत मास्तर, आणि आमच्या घरांची भिंत एकच.

मापाडी मोजताना 'एक' म्हणत नाही. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, पुढे दोन, तीन. मामांच्या तोंडात तो शब्द इतका बसला होता, की जिन्याची पहिली पायरीसुद्धा लाभच असायची. थोरली मुलगी लाभ, धाकटी सुनंदा दोन. "अरे, दोनला हाक मारा, च्या आण म्हणावं," असं ते ओरडले की माझी मुलं खिदळायची.

थोरलीच्या लग्नात मात्र कुणाला हसू आलं नाही. कन्यादानाला मामा पाटावर बसायला गेले आणि गुडघे वाकेनात. दोघांनी काखेत हात घालून पाहिलं, मांडी काही घालता येईना. मुहूर्त टळत चालला होता. शेवटी मामाच म्हणाले, "सर, तुमी बसा. जल्दी बसा." मी आणि माझी बायको पाटावर बसलो. बाप मोंढ्यातून आणलेल्या त्याच्या लोखंडी खुर्चीवरून बघत राहिला. त्या दिवशी मला माझ्या सडपातळ अंगाची लाज वाटली.

सुनंदाचं ठरलं तेव्हा मामांनी मुलाकडच्यांकडून पुढच्या वैशाखापर्यंत मुदत मागून घेतली. औरंगाबादला पोट लहान करायचं ऑपरेशन करतात, हे थोरल्या जावयानं शोधून काढलं होतं. खर्चही त्यानंच उचलला. इंग्रजी कागद वाचायला मी सोबत. श्रावणात पहिली तारीख मिळाली. वजन भरलं एकशे बावन्न. डॉक्टर म्हणाले, "आधी एकशे चाळीसवर या. यकृतावरची चरबी उतरल्याशिवाय मी हात लावणार नाही."

मग तपासण्या सुरू झाल्या. रक्त, हृदय, फुप्फुसं. मनाच्या डॉक्टरांनी विचारलं, "ऑपरेशन कशासाठी करायचंय?" मामा म्हणाले, "पाटावर बसायला." ते काय लिहावं या विचारात पडले. आहार सांगणाऱ्या बाईंनी भाकरी किती खाता विचारलं, तर मामांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, "लाभ, दोन, तीन, चार, पाच..." बाई गोंधळल्या. मी अर्थ सांगितला तशा हसल्या आणि म्हणाल्या, "काका, आता लाभावरच थांबायचं."

मामा खरंच थांबले. अडीच महिने मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. मामी म्हणायच्या, "आजून अर्धी घ्या की वो." उत्तर यायचं, "लाभ झाला. ताट उचल." रोज सकाळी मोंढा उघडायच्या आधी ते मोठ्या काट्यावर उभे राहायचे आणि स्वतःचं वजन स्वतःच पुकारायचे. हमाल टाळ्या वाजवायचे. दसऱ्यानंतर एका सकाळी मामांनी पुकारलं, "एकशे चाळीस!" आणि आम्ही औरंगाबाद गाठलं.

दवाखान्याच्या काट्यानं एकशे बेचाळीस दाखवलं.

मामा पुन्हा चढले, पुन्हा तेच. मी म्हणालो, "सदरा काढा, पटका काढा." काढला, तरी फरक अर्ध्या किलोचाही नाही. तिथल्या सिस्टर आता ओळखीच्या झाल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "दोन किलोंनी काय होतंय? चाळीस लिहिते." मला तर देवच भेटल्यासारखं झालं. मामांनी मान हलवली. "न्हाई बाई. काटा सांगतो तेच लिवा."

डॉक्टरांनी तारीख एक महिना पुढे ढकलली. परतीच्या एसटीत मी जालन्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसलो. इतका राग आला होता. शेवटी तेच म्हणाले, "सर, रागावू नका. म्या सकाळी आमचाच काटा तपासाया पाह्यजे व्हता. दोन किलोनं खाली दाखवून राह्यला तो. आता किती शेतकऱ्याचं माप मारलं गेलं आसंल?" त्यांना ऑपरेशनचं दुःख नव्हतं, त्याचं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी काटा दुरुस्त होईपर्यंत मोंढ्याचं वजन बंद पाडलं.

अठराव्या दिवशी, भरदुपारी, सोयाबीनच्या ढिगाशेजारी त्या लोखंडी खुर्चीवर मामा गेले. पुकारताना थांबले, एवढंच. हमालांना वाटलं, आकडा विसरले.

मी डॉक्टरांना फोन करून विचारलं, दोन किलो तेव्हा सोडले असते तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. हृदय आधीच थकलेलं होतं. कदाचित टेबलावरच गेले असते." त्या उत्तरानं माझं समाधान झालं नाही, आजही होत नाही. मामांवरचा रागही पुरता गेलेला नाही. एवढं खरं, की सिस्टरांनी चाळीस लिहिलं असतं तर तो कागद बघून मामांना झोप लागली नसती.

वैशाखात सुनंदाचं लग्न झालं. पाटावर पुन्हा मी आणि माझी बायको. मामी मागे खांबाला टेकून उभ्या होत्या. कोपऱ्यात हमालांनी मोंढ्यातली ती लोखंडी खुर्ची आणून ठेवली होती. त्यावर कुणी बसलं नाही.

सप्तपदीला भटजींनी तांदळाच्या सात राशी मांडल्या. "मुली, पहिलं पाऊल टाक," ते म्हणाले. सुनंदा थांबली. तिनं मान वर केली नाही. पहिल्या राशीवर पाऊल ठेवताना ती अगदी हळू म्हणाली, "लाभ."

मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. पुढची सहा पावलं मला नीट दिसली नाहीत.