बहार उतरू द्या

पौडपासून हिंजवडीपर्यंत जेवढे म्हणून घासाघीस करणारे लोक आहेत, त्या सगळ्यांना मी चहाच्या दुसऱ्या कपाच्या आत जाग्यावर आणलेलं आहे. ही बढाई नाही, माझा धंदाच तो आहे. भल्या भल्या बिल्डरांनी माझ्यासमोर बसून कपाळाचा घाम पुसला आहे. पण माझे थोरले साडू हा असा माणूस आहे, की त्यांच्यासमोर माझी सगळी हुशारी उन्हात ठेवलेल्या लिंबासारखी आक्रसून जाते. मला हरवणारा जगात हा एकच माणूस, आणि आपण कुणाला हरवलंय याचा त्यांना पत्ताही नाही. निदान ते तसं दाखवतात.

घोटावडे आणि कासारसाईच्या मधली आमची वाडी एके काळी लिंबांची वाडी होती. मार्केट यार्डात वाडीचं पोतं आलं की अडते दुसऱ्या गावचं पोतं पायानं बाजूला सरकवत. मी तेव्हा साडूभाऊंच्या बांधावरून लिंबं उचलून पुण्यात हातगाडीवर वाटे लावून विकायचो. तिथून वर आलो, कुणाच्या जिवावर नाही. त्या बांधावरच माझं लग्नही जमलं. बायकोच्या बहिणीच्या घरी सारखी ये-जा करणारा उन्हानं रापलेला माणूस सासऱ्यांना कसा पसंत पडला, ते साडूभाऊंनाच ठाऊक. मग कंपन्या आल्या, कंपन्यांमागून रस्ता आला आणि रस्त्यामागून मी आलो. एकेक बाग गेली. बऱ्याच बागांच्या व्यवहारात मधला माणूस मीच होतो. आज जिकडे तिकडे काच, लिफ्ट आणि गळ्यात ओळखपत्र घातलेली पोरं. साडूभाऊंनीही बाकीची जमीन दिली, पण एक पट्टा तेवढा ठेवला. एका बाजूला वीसमजली सोसायटी, दुसऱ्या बाजूला माझा प्लॉट आणि मधे यांची लिंबं. माझ्या प्लॉटला रस्ता मिळायचा तर तो याच लिंबांतून. आयुष्याची कमाई मी त्या प्लॉटमध्ये घातली आहे, आणि तिथं आजही फक्त बकऱ्या पोचतात.

साडूभाऊंनी या नव्या शहराचं एकही नाव मान्य केलेलं नाही. ती सोसायटी म्हणजे त्यांच्या लेखी ‘थोरल्या चुलत्याची बाग’. समोरची कंपनी म्हणजे ‘विहिरीवरचं’. जेवणाचे डबे पोचवणाऱ्या माणसाचा फोन आला की ते शांतपणे सांगतात, “सरळ या आन् ईडलिंबापाशी उजवीकडं वळा.” ते ईडलिंबाचं झाड तुटून किती तरी वर्षं झाली, त्या जागी आता एटीएम आहे. गंमत म्हणजे परमुलखातून आलेली ती पोरं बरोबर तिथंच वळतात. झाड कुणी पाहिलेलं नाही, पण “हां काका, ईडलिंबू, समझ गया,” असं म्हणतात. इतिहासही ते तसाच सांगतात. हा मोठा रस्ता कधी झाला, असं विचारलं तर म्हणतील, “गारा पडून बहार गेला बगा, त्याच्या फुडल्या साली.”

‘विहिरीवरच्या’ त्या कंपनीच्या स्वागतकक्षात ते अधूनमधून जाऊन बसतात. तिथं जो मऊ सोफा आहे, नेमक्या त्या जागी त्यांच्या बागेतलं सगळ्यांत डेरेदार झाड होतं आणि दुपारची विश्रांती ते त्याखाली घेत. पहिल्यांदा वॉचमननं हटकलं. आता तोच पाणी आणून देतो. पाठीमागून एसीचा गार झोत येत असतो आणि साडूभाऊ डोळे मिटून म्हणतात, “हितली सावली अजून बरी हाय.”

लिंबं ते फाटकावर बसून विकतात, पण भाव न करणाऱ्याला देत नाहीत. सोसायटीतला कुणी मोबाईल पुढं करून मुकाट पैसे द्यायला लागला, की हे पिशवी मागं ओढतात. “भाव न करता घेतुया म्हंजी ह्याला लिंबू नगंच हाय,” असा त्यांचा हिशेब. बंगालकडची एक मुलगी आहे, कॉम्प्युटरवर काहीतरी करते. सुरुवातीला बिचारी लाजायची. आता कमरेवर हात ठेवून उभी राहते. “काका, लास्ट टाइमपेक्षा छोटे आहेत. आणि ये तो पिवळा पण नाही.” साडूभाऊंचा चेहरा असा उजळतो, जणू घरची लेक परीक्षेत पहिली आली. मग भावात तिचं ऐकतात आणि वर मूठभर लिंबं जास्त घालतात.

माझं दुखणं इथंच आहे. सोसायटीच्या लोकांना सकाळी फिरायला म्हणून त्यांनी बागेतून पायवाट काढून दिली. फुकट. मी सख्खा साडू, आणि मला वाट नाही. मी एकदा भर अंगणात आवाज चढवून विचारलं, त्यांना दिलीत, मग माझ्यात काय कमी आहे?

“ते चालत जात्यात,” ते म्हणाले. “तुमी जेसीबी आणनार.”

बरं, ते सरळ नाहीही म्हणत नाहीत. मी बोलणं काढलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, “बगू पाव्हणं. बहार उतरू द्या.” म्हणजे आधी या हंगामाची फळं निघू द्या. एवढं म्हणून चहा मागवतात. चहा इतका उशिरा येतो, की तोवर माझा राग निम्मा होतो. लिंबाला थंडीत ताण देतात. पाणी पार तोडायचं, पानं मलूल होऊन गळायला लागेपर्यंत. मग एके दिवशी पाणी सोडायचं की झाड फुलांनी लगडतं. हा माणूस पाहुण्यालाही तसंच वागवतो, असं मला त्या अंगणात नेहमी वाटत आलं आहे.

त्या ताणापायी एका थंडीत गंमत झाली. फिरायला येणाऱ्या मंडळींना ती सुकलेली झाडं बघवेनात. म्हाताऱ्याला होत नसेल म्हणून त्यांनी रविवारी सोसायटीचा पाइप ओढून आणला आणि एकजात सगळ्या झाडांना भिजवून टाकलं, फोटोही काढले. ताण मधेच मोडला. झाडांना नुसता पाला फुटला, फुलं नावाला आली. मी सोसायटीच्या चेअरमनच्या दारात जाऊन असा काही बोललो, की वरच्या मजल्यांवरचे लोक गॅलरीत आले. साडूभाऊंनी मला दंडाला धरून मागं नेलं आणि त्या मंडळींना एवढंच म्हणाले, “तुमची माया लई हाय. येळ तेवढी चुकली.” पुढच्या थंडीत सोसायटीनं आपण होऊन बागेत पाटी लावली, ‘झाडांना ताण चालू आहे. कृपया दया दाखवू नये.’

यंदा मला प्लॉटसाठी खरंच गिऱ्हाईक मिळालं. महिन्याभरात रस्ता दाखवा, नाहीतर दुसरीकडं बघतो, असं त्यानं सुनावलं. मी साडूभाऊंकडं गेलोच नाही. बहार उतरू द्या हे ऐकायची ताकद माझ्यात उरली नव्हती. पण मेव्हणीला बायकोकडून कळलं असावं. संक्रांतीनंतर एका सकाळी साडूभाऊ कधी नव्हे ते माझ्या भूगावच्या ऑफिसात आले. बूट-चपलांच्या ढिगापाशी वहाणा काढल्या, खुर्चीच्या कडेवर बसले.

“कडंची वळ म्हातारी झाली,” ते म्हणाले. “काढा ती. वाट घ्या तुमची.”

मी सवयीनं विचारलं, बोला, काय घेणार?

“भाव केला तर देनार न्हाई,” एवढं बोलून ते उठले.

आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी भांडलो, ती भाव न करता हातात पडली आणि मला मुळीच गोड लागली नाही. दोन दिवसांनी जेसीबी घेऊन गेलो. लांबूनच वास आला. ती म्हातारी म्हटलेली झाडांची ओळ फुलांनी पांढरी झाली होती. फिरायला आलेले लोक पायवाटेवरच थांबले होते. त्या बंगाली मुलीनं मला बघितलं, मग जेसीबीकडं बघितलं, आणि कमरेवरचे हात खाली सोडले. साडूभाऊ कुठंच दिसेनात.

कुठं असतील ते मला माहीत होतं. जेसीबीवाल्याला थांब म्हणालो आणि रस्ता ओलांडून ‘विहिरीवर’ गेलो. ते सोफ्यावर डोळे मिटून बसले होते, बागेकडं पाठ करून.

“झालं का, पाव्हणं?” त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

खिशात गिऱ्हाइकाचा फोन वाजत होता. मी तो वाजू दिला.

“बहार उतरू द्या,” मी म्हणालो.

साडूभाऊ जरा बाजूला सरकले. जागा झाली.

“बसा,” म्हणाले. “सावली बरी हाय.”