जिजाजींच्या खांद्यातली टाचणी

लिहायचा अधिकार नसताना लिहितोय, त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, आणि मी जे शिकलो त्याचा घराला काय उपयोग झाला, ती ही हकीकत.

मी धुळ्याला होस्टेलवर राहून बी.एस्सी. करतो. घर अमळनेरजवळच्या खेड्यात. ताई जामनेरला दिलेली. जिजाजी सुरतेला कापडाच्या कारखान्यात, त्यामुळे चार वर्षांची भाची चिऊ बापाला मोबाइलच्या पडद्यावरच ओळखते. होळीला तिने फोनवर हट्ट धरला, की पप्पासारखा बाहुला पाहिजे, बोलणारा. मी लगेच हो म्हटलं. (शिकलेल्या माणसाला 'मला येत नाही' म्हणायची लाज वाटते. न शिकलेल्यांना वाटत नाही, म्हणून त्यांचं बरं चाललेलं असतं.)

हातमोज्यासारखा चढवायचा आणि बोटांनी मान हलवायची, असा बाहुला करायला व्हिडिओत सतरा मिनिटं लागतात. मला सुटीत घरी बसून नऊ दिवस लागले. डोक्यात घरचा कापूस भरला. अंगात जिजाजींचा जुना चौकड्यांचा शर्ट कापून घातला. तो ताईने सासूला न सांगता गाववाल्याच्या हाती पाठवला होता. जिजाजींची ओळख म्हणजे मिशी. लोकरीची केली तर ती सुरवंटासारखी दिसायला लागली, म्हणून सलूनमधून खरे केस पुडीत बांधून आणले आणि चिकटवले.

"हाई कोन शे?" आईने विचारलं.

मी म्हटलं, जिजाजी. आईने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "आजारी शेतस का?" म्हणाली.

निघायच्या दिवशी गोंद वाळला नव्हता. मिशी आणि उजवा खांदा निसटत होता, म्हणून टाचण्या मारल्या. म्हटलं, जामनेरला पोहोचल्यावर काढू. आईने त्याच पिशवीत झाडाची लिंबं भरली. त्या दिवशी अमावस्या होती. एसटीच्या तिकिटावर तिथी नसते!

आईने एकच बजावलं, तिथे नीट वाग. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके खेळतात. ताई दोन वर्षं आलेली नव्हती, आणि यंदा तिच्या सासूने, म्हणजे अक्कांनी, धाडायचं कबूल केलं होतं. आईने झोक्याचा दोरही आणून ठेवला होता.

जामनेरला मी पाय धुवायला मोरीत गेलो आणि अक्कांनी लिंबं काढायला पिशवी उघडली. बाहेर आलो तर त्यांच्या एका हातात लिंबू होतं, दुसऱ्या हातात त्यांचा मुलगा.

"हे काय व्हय?" त्यांनी विचारलं. साधंच विचारलं. मी 'बाहुला' एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण टाचण्या, केस, लिंबू हे सगळं मला एकदम दिसलं, आणि महिन्यापूर्वीच कॉलेजच्या शिबिरात मी अंधश्रद्धेवर भाषण केलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

"अक्का, गैरसमज करून घेऊ नका," मी म्हणालो. "ही करणी नाही."

"करनी?" अक्का म्हणाल्या. "मी कुठी काढलं करनीचं नाव?"

तो शब्द त्या घरात मीच नेला. आता भाषण पुरं करणं भाग होतं. टाचणी मारल्याने माणसाला काही होत नाही, लिंबात शक्ती नसते, केस म्हणजे मेलेल्या पेशी, हे मी क्रमाने सांगितलं. अक्का एकेक वस्तू शोधत होत्या आणि त्यांना ती सापडत होती. शर्टही सापडला, तो त्या आठ दिवस धुंडत होत्या. 'मेलेल्या' या शब्दाला त्या खाली बसल्या. हे नुसतं खेळणं आहे हे सिद्ध करायला मी बाहुला हातात चढवला, त्याची मान हलवली आणि जिजाजींच्या आवाजात म्हणालो, "राम राम, आई." वाटीभर साखर मागायला आलेली शेजारीण दारातूनच परत गेली.

अक्कांनी सुरतेला फोन लावला. बरा आहेस ना, कुठे दुखतं का? जिजाजी नाही म्हणाले. अक्कांनी पाच वेळा विचारलं. इतक्यांदा विचारलं की कोणालाही काहीतरी दुखतंच. तसा उजवा खांदा जरा भरलाय, जिजाजी म्हणाले.

अक्कांनी बाहुला चिमट्यात धरून परसात नेला आणि जाळला. मिशी आधी पेटली. चिऊने त्याला तेवढ्यात ओळखलं, 'पप्पा, पप्पा' करत ती रडायला लागली, आणि अक्कांची उरलीसुरली शंका फिटली. (माझ्या कलेला मिळालेली ही एकमेव दाद.) ताई दारापर्यंत आली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"आते माले आखाजीले कोन धाडी?" एवढंच म्हणाली.

आखाजीच्या दोन दिवस आधी आईचा फोन आला. "ताई येई राहिनी. पन तू घर येऊ नको, भाऊ. तिना सासूनी अट शे."

होस्टेल रिकामं झालं. मी राहिलो. आज सणाच्या दिवशी ताईने फोन केला. मागे झोक्याचा दोर करकरत होता. मी विचारलं, चिऊ काय करते? ताई हसली. खूप दिवसांनी हसली. चिऊ पायमोजा हातात घालून खेळते आणि त्याला मामा म्हणते. त्याला डोळे नव्हते, तर अक्कांनी स्वतःच्या हाताने दोन टाचण्या खोचून दिल्या.

परवापासून माझे डोळे चुरचुरताहेत. मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे. ते होस्टेलच्या धुळीमुळेच असणार. तरी फोन ठेवण्याआधी ताईला विचारून घेतलं, टाचण्या कधी लावल्या.

परवा.