बदकाची चौकशी

आत्या मोबाइलवर गुप्तहेराचा गेम खेळत होती. गुप्तहेर म्हणजे टोपी घातलेलं एक बदक. गिरणीमालकाची चांदीची घंटा चोरीला गेली होती आणि आळ स्वयंपाकीणबाईंवर होता. शेजारी बसून मी उद्याचं पत्रक लिहीत होतो: गावातलं वाचनालय बंद पाडल्याबद्दल त्याच्या चिटणिसांचा नाव घेऊन निषेध.

"मालकानंच लपवली असणार. टाक त्याचं नाव," मी म्हणालो.

"तू लिही तुझं. बदकाला विचारू दे."

बदकानं माळ्याला विचारलं, ड्रायव्हरला विचारलं, शेवटी अंगणातल्या शेळीलाही विचारलं. शेळीनं मान हलवली आणि तिच्या गळ्यात घंटा वाजली.

मी खूप हसलो, मग हातातल्या पत्रकाकडे पाहिलं. पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं शिकलो. दोषीचं नाव आधी ठळक छापायचं, पुरावा मागाहून शोधायचा, ही आमच्या घरची सवय. राग मला अजूनही प्रिय आहे. पण ज्या रागाला चार दारं ठोठावायचा कंटाळा येतो, तो नकळत अन्यायाच्याच पंगतीला जाऊन बसतो.

मी चपला घातल्या.

"कुठे रे?"

"चिटणिसांकडे. वाचनालय का बंद आहे, विचारून येतो."

"वाटेत शेळी भेटली तर तिलाही विचार," आत्या म्हणाली.