रिलेचं मेडल चालत नाही

"मॅडम, ही सगळी रिलेची सर्टिफिकेटं आहेत," कर्णिकसाहेब म्हणाले आणि त्यांनी फाइल माझ्याकडे परत सरकवली.

कर्णिकसाहेब एका बँकेचे स्पोर्ट्स ऑफिसर होते. मी विलेपार्ल्याच्या एका कॉलेजात फिजिकल डायरेक्टर, म्हणजे मुलांच्या भाषेत जिमखान्याची मॅडम. वर्षं ऐंशीच्या दशकातली. तेव्हा धावणाऱ्या मुलीला धावून पोट भरायचं असेल तर एकच रस्ता होता, स्पोर्ट्स कोटा. बँक किंवा रेल्वे तुम्हाला क्लार्क म्हणून घ्यायची, दुपारी प्रॅक्टिसला सोडायची आणि तुम्ही त्यांच्या टीमकडून धावायचं.

"युनिव्हर्सिटीचं गोल्ड आहे, साहेब. लागोपाठ दोन वर्षं."

"चौघींचं गोल्ड आहे. आमच्या सर्क्युलरमध्ये वैयक्तिक मेडल लागतं."

"पण याच टीममधली मीनल सावंत तुम्ही घेतलीत ना?"

"तिच्याकडे शंभर मीटरचं ब्राँझ होतं. ते तिचं एकटीचं."

फाइल जिची होती त्या शीलाकडे एकटीचं मेडल का नाही, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

शीला परेरा मरोळ गावठाणातली. वडील एका वर्कशॉपमध्ये फिटर, घरात पाठची दोन भावंडं. चार जणींच्या रिलेत ती तिसरी धावायची. तिसरीच्या वाट्याला मैदानाचं वळण येतं. सरळ रेषेत जोरात धावणाऱ्या मुली पुष्कळ मिळतात. वळणावर वेग न सोडता, आतल्या बाजूला किंचित झुकून धावणारी दहा वर्षांत एखादी मिळते. शीला तशी होती. आधीच्या मुलीकडून बॅटनची दांडी हातात पडली की पुढच्या शंभर मीटरमध्ये ती शर्यत आमची करून टाकायची.

तिला दोनशे मीटर धावायचं होतं. दोनशेतला निम्मा भाग वळणाचाच असतो. पण दोनशेची फायनल आणि रिलेची फायनल एकाच दुपारी यायची. ती दमू नये म्हणून पहिल्या वर्षी मी तिचं नाव दोनशेतून काढलं. "पुढच्या वर्षी नक्की," म्हणाले. पुढच्या वर्षीही काढलं. प्रिन्सिपॉलसाहेबांना रिलेची शील्ड हवी होती, आणि खरं सांगायचं तर मलाही.

टीममधल्या तिघींना नोकऱ्या लागल्या. शीला राहिली.

मी खुर्चीतून उठत नाही हे पाहून कर्णिकसाहेबांनी सर्क्युलर पुन्हा उघडलं. माणूस वाईट नव्हता. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हे बघा. मेडल नसेल तर ट्रायल देता येते. दोनशे मीटर, साडेसव्वीस सेकंद. पण हे कुणी वापरत नाही, मॅडम. एवढं धावणाऱ्याकडे मेडल असतंच."

"हिच्याकडे नाही. तारीख द्या."

त्यांनी अठरा दिवसांनंतरची तारीख दिली.

त्याच संध्याकाळी मी मरोळला गेले. शीलाच्या वडिलांनी खुर्ची पुढे केली. मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण त्यांच्या डोक्यात काही बसेना.

"चौघी धावल्या, चौघींना मेडल मिळालं. मग नोकरी तिघींनाच कशी?"

शीला दाराला टेकून उभी होती. "मॅडम, मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "दोनदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, टीमचं बघ."

"म्हणाले होते."

"एक तारखेपासून मी इथल्या कंपनीत पॅकिंगला लागतेय. आठ तास उभ्याने काम. मग कसली प्रॅक्टिस आणि कसलं काय."

"चुकलं माझं, शीला. अठरा दिवस आहेत. येशील?"

ती आत निघून गेली. मी निघाले तेव्हा वडील गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मैदानावर पोचले, तर ती आधीच येऊन बुटांच्या नाड्या बांधत होती.

खरी अडचण स्टार्टची होती. रिलेतली तिसरी मुलगी उभ्याने, धावतच सुरुवात करते. दोनशेला मात्र खाली बसून, पाय ब्लॉकला लावून निघावं लागतं. ब्लॉक म्हणजे जमिनीत रोवलेला ठोकळा, ज्याला रेटून धावणारा पुढे झेपावतो. शीलाला ती सवयच नव्हती. पहिले चार दिवस ती निघताना अडखळायची. आठव्या दिवशी जरा बरं जमलं. पंधराव्या दिवशी माझ्या घड्याळात सव्वीस पॉइंट पाच आले. मी तिला सांगितलं नाही, उगाच सैल पडेल म्हणून.

ट्रायल अंधेरीच्या एका मैदानावर होती. मातीचा ट्रॅक, चुन्याच्या रेघा, ऑक्टोबरचं ऊन. बँकेची टीम तिथेच सराव करत होती, त्यात मीनलही होती. वेळ घ्यायला तीन घड्याळं होती. एक कर्णिकसाहेबांचं, एक ॲथलेटिक्स असोसिएशनच्या टाइमकीपरचं आणि तिसरा माणूस आला नाही म्हणून एक माझं. तीन घड्याळांनी तीन वेगळ्या वेळा दाखवल्या तर मधली धरायची, असा नियम असतो.

शीला एकटी धावली. स्टार्ट झकास झाला, पण वळणावर नेहमीची धार दिसेना.

"माझे सव्वीस चार," कर्णिकसाहेब म्हणाले.

"सव्वीस सात," टाइमकीपर म्हणाला.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझा काटा सव्वीस सहावर होता. मी पाच म्हटलं असतं तर मधली वेळ साडेसव्वीस झाली असती आणि नोकरी मिळाली असती. घड्याळ माझ्या मुठीत होतं. कुणी बघायला मागितलं नसतं. शीला गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत माझ्याकडे बघत होती.

"सव्वीस सहा," मी म्हटलं.

मी फार सत्यवादी आहे असं नाही. पण ज्या घड्याळावर मी बावीस वर्षं मुलांना पास-नापास करत आले, त्याच्याबद्दल खोटं बोलायला तोंड उघडेना, एवढंच. आणि त्याच क्षणी मला वाटलं, मी या मुलीची वाट तिसऱ्यांदा लावली.

शीला सरळ उभी राहिली. मला ओलांडून ती थेट कर्णिकसाहेबांकडे गेली.

"सर, मी एकटीने कधी धावलेच नाही. समोर कुणीतरी लागतं मला. परत धावू द्या."

"दुसऱ्या चान्सचं सर्क्युलरमध्ये काही नाही."

"द्यायचा नाही असं लिहिलंय का?" मी विचारलं.

त्यांनी कागद काढला, उलटापालटा केला. "नाही. तसंही लिहिलेलं नाही." मग म्हणाले, "पाऊण तास विश्रांती घे."

तोवर मीनल स्पाइक्सचे, खिळ्यांचे बूट घालून आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. आम्ही तिला शीलाच्या बाहेरच्या लेनमध्ये उभं केलं. बाहेरच्या लेनचं वळण मोठं असतं, म्हणून तिथली सुरुवातीची रेघ पुढे आखतात. साहजिकच आतल्या मुलीला बाहेरची मुलगी पुढे गेलेली दिसते.

"ए शीले," मीनल मागे वळून म्हणाली, "मी काय हळू धावणार नाही हां. पकड मला."

"बघ तू," शीला म्हणाली.

पिस्तूल वाजलं. वळणाच्या मध्यावरच शीला झुकली, आणि दोन वर्षं मी जे रिलेत पाहत आले होते तेच पुन्हा दिसलं. दोघींमधलं अंतर गिळल्यासारखं संपलं. वळण संपताना दोघी बरोबरीत होत्या. शेवटच्या तीस मीटरमध्ये मीनल जीव तोडून धावत होती आणि तरीही मागे पडत होती.

"सव्वीस तीन!"

"सव्वीस चार."

"मॅडम, तुमचं?"

मी मूठ उघडली. काटा फिरतच होता. मी घड्याळ थांबवायलाच विसरले होते.

"राहू द्या," कर्णिकसाहेब हसून म्हणाले. "दोनच घड्याळं असली की जास्तीची वेळ धरायची. सव्वीस चार. पुरेशी आहे."

मीनल शीलाच्या गळ्यात पडली. दोघीही रडत होत्या, हसत होत्या. थोड्या वेळाने शीला माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, घड्याळ बंद करा आता."

महिनाभरात तिला बँकेचं पत्र आलं. घाटकोपरच्या ब्रँचमध्ये ती रुजू झाली, पाचेक वर्षं बँकेकडून दोनशे मीटर धावली, दोनदा मेडलही मिळवलं. मग गुडघा दुखू लागला तेव्हा धावणं सुटलं. नोकरी राहिली. पुढे ती ऑफिसर झाली.

मी जिमखान्यात एक नियम केला. रिलेतल्या प्रत्येक मुलीने एक तरी वैयक्तिक शर्यत धावायचीच, मग ती दमो की काही होवो. त्या वर्षी रिलेत आमचा तिसरा नंबर आला. प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावून कारण विचारलं. मी कारण सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

मला त्यातून एवढंच कळलं. टीमसाठी धाव, असं मुलांना सांगणं फार सोपं असतं. सांगणाऱ्याची नोकरी पक्की असते.